बापूंच्या रसोड्याला वर्ध्याची फोडणी

जून 1942 मध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामच्या आश्रमात राहिला. वर्ध्याचा जून काय असतो हे वर्धेकरांना सांगायला नको. मृग लागला तरी ऊन हटत नाही आणि माणूस बसल्या जागी घामाने निथळतो. त्या आठवड्यावर फिशरने पुढे पुस्तक लिहिलं. इंग्रजांनी जावं की राहावं, युद्धाचं काय होणार, असल्या मोठ्या चर्चा त्यात आहेतच, पण मी ते उघडते ते जेवणाच्या गाऱ्हाण्यासाठी. पालक आणि भोपळा एकत्र शिजवलेला लगदा त्याच्या ताटात रोज पडायचा. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलंच. बापूंनी सल्ला दिला की मीठ घाला, लिंबू पिळा. म्हणजे मूळ चव मारून टाकू का, असं फिशरने विचारलं आणि मग हिंसा-अहिंसेवरून दोघांची चांगलीच थट्टामस्करी झाली.

हा किस्सा मी एकदा घरी सांगितला, तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "गांधीबाबाचं सारं बराबर हाये, पन फोडनी त पायजे ना माय!"

मी शाळेत गृहविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेतल्या आमच्या वस्तीत चार बायकांना हाताशी धरून महिन्यातून एका रविवारी शाकाहारी पंगत सुरू केली. वर्गणी नाही, आचारी नाही. प्रत्येक घराने एकच पदार्थ आणायचा, पण सगळ्यांना पुरेल एवढा. अट इतकीच की त्यात निदान एक जिन्नस आपल्या जिल्ह्याच्या वावरातला हवा. सतरंज्या अंथरायच्या, पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर त्या, नाही तर घरून ताट आणायचं आणि जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं. वस्तीतली निम्मी घरं मटण खाणारी आहेत. माझ्या शेजारणीच्या घरचा सावजी रस्सा नुसत्या वासानेच ठसका आणतो. तरीही पंगत शाकाहारी, कारण त्या ताटावर कोणालाही न विचारता बसता येतं. शाकाहार हा स्वतःला शुद्ध ठरवायचा आणि दुसऱ्याला लांब बसवायचा परवाना झाला, तर मला तो नको. आमच्या पंगतीत कोण घरी काय खातं, हा प्रश्न निघत नाही.

तर सासूबाईंची फोडणी आणि बापूंचा लगदा, या दोन टोकांमध्ये आमची पंगत बसते.

बापू वर्ध्यात जेवणाचे प्रयोग करू लागले ते सेवाग्रामच्या आधी, मगनवाडीत. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याला जमनालाल बजाजांनी आपली संत्र्याची बाग आणि तिच्यातला बंगला देऊन टाकला. मगनलाल गांधींच्या आठवणीने तिचं नाव मगनवाडी पडलं. संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा. 1935 च्या सुरुवातीला बापू तिथे राहायला गेले आणि वर्षभर त्या स्वयंपाकघराने जे सोसलं ते सोसलं. कडुनिंबाचा पाला वाटून ताटात आला, चिंच आली, भाज्या कच्च्या आल्या, गहू जात्यावर दळून कोंड्यासकट आला, तांदूळ हातसडीचा आला, साखरेच्या जागी गूळ आला. बापू स्वतः वाढायला उभे राहत, त्यामुळे नको म्हणायची सोय नसे. आश्रमातले भन्साळीकाका तर वर्ध्याला येण्याआधी कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन हिंडलेले. अशा माणसांच्या शेजारी बसून जेवताना बिनमसाल्याची भाजीसुद्धा चैनीची वाटत असेल.

हसू येतं, पण या प्रयोगांमागचा हिशोब पक्का होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा त्याचं वरचं साल जातं आणि सालाबरोबर थायमिन हे ब गटातलं जीवनसत्त्व जातं. ज्या भागात नुसता पॉलिशचा तांदूळ खाल्ला जाई तिथे बेरीबेरीने माणसं लुळी पडत. म्हणजे गिरणीने गावातल्या कांडणाऱ्या बाईची मजुरी नेली आणि खाणाऱ्याची ताकदही नेली. कुमारप्पा हे अर्थशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. आरोग्य आणि रोजगार हे त्यांनी एकाच ताटात मांडले. पुढे त्यांनी एक लाख लोकवस्तीच्या प्रदेशाला समतोल आहार द्यायचा तर किती जमीन ज्वारी-गव्हाखाली हवी, किती डाळी, तेलबिया आणि भाजीपाल्याखाली, याचा तक्ताच मांडला. आधी ताट ठरवायचं, मग पेरा. आपण नेमकं उलटं करतो.

त्याचा सगळ्यात ढळढळीत नमुना सोयाबीन. 1935 मध्ये मगनवाडीत बापूंनी सोयाबीनवर प्रयोग केले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. बडोदा संस्थानाने या पिकावर काढलेलं पत्रकही त्यांनी वाचकांपुढे ठेवलं. तेव्हा वर्ध्याच्या शेतकऱ्याला सोयाबीन माहीतही नसेल. आज पावसाळ्यात सेलूपासून हिंगणघाटपर्यंत कुठेही जा, पराठी (म्हणजे कपाशी), तूर आणि सोयाबीन याशिवाय चौथं पीक शोधावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोंगणी झाली की माल थेट बाजार समितीत जातो, तिथून तेलाच्या कारखान्यात. उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या घरात सोयाबीन परत येतं ते पाकिटातलं तेल होऊन. साधारण 40 टक्के प्रथिनं असलेला दाणा आपल्या अंगणात वाळतो आणि त्याच घरातल्या लेकराचं वजन अंगणवाडीच्या तक्त्यात खालच्या रेघेवर असतं. मला याचा राग येतो, आणि त्या रागापायीच आमच्या पंगतीत सोयाबीनचा एक पदार्थ हटकून असतो.

मात्र तो नीट करावा लागतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. म्हणून रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, चोळून सालं काढायची आणि कुकरमध्ये चांगलं मऊ होईपर्यंत शिजवायचं. उग्र वास बराचसा सालांबरोबर आणि त्या फेकलेल्या पाण्याबरोबर जातो. मग ते तुरीच्या सोल्यांसारखं वापरावं. भरडसर वाटून कांदा, लसूण, तिखट घालून परतलं आणि वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला, की सोलेभाजीच समजून माणसं खातात. दळणात घालायचं असेल तर आधी भाजावं आणि दहा भाग गव्हाला एक भाग पुरे. जास्त घातलं की पोळी वातड होते आणि घरात बंड होतं.

एप्रिल 1936 च्या अखेरीस बापू शेगावला राहायला गेले. तेच पुढे 1940 मध्ये सेवाग्राम झालं. आश्रमाच्या प्रार्थनेत जी एकादश व्रतं म्हटली जातात, त्यांतली शरीरश्रम, अस्वाद, स्वदेशी आणि स्पर्शभावना ही चार तर स्वयंपाकघरातच पाळली जात किंवा मोडली जात. दळण, निवडण, भांडी सगळ्यांनी करायची. जवळचं खायचं. जिभेचे लाड नाहीत. आणि शिवाशिव नाही.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड होतं, अस्वादापेक्षाही. 1928 मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं, तेव्हा शहरात केवढी खळबळ झाली होती. देवळात शिरणं एक वेळ पचलं, पण शेजारी बसून वरण-भात कालवणं लोकांच्या घशाखाली उतरत नव्हतं. 1939 मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोगी. त्या काळी कुष्ठरोग्याची सावली टाळत. बापूंनी त्यांना आश्रमाच्या आवारात झोपडी दिली आणि ते स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करत. ती परचुरे कुटी आजही पाहायला मिळते. मी मुलींच्या सहली घेऊन जायचे तेव्हा बापूकुटीच्या आधी ही कुटी दाखवायचे. कोण कोणाबरोबर जेवतो, हा आहारशास्त्राचाच भाग आहे, असं मी त्यांना सांगायचे. पुस्तकात तो धडा नाही.

आमच्या गावी मी लहानपणी जे महाप्रसाद पाहिले, त्यांत पंगती दोन असत. एक देवळाच्या पटांगणात, दुसरी पाराच्या पलीकडे. गंज एकच, भाजी एकच, वाढणारे मात्र वेगळे. म्हणून कोणी गावच्या जुन्या पंगतीचे गोडवे गायला लागलं की मी मुकाट्याने ऐकून घेत नाही.

आता बापूंच्या यादीशी माझं भांडण. 1942 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार दिला आहे. आजच्या मापात सांगायचं तर गाईचं दूध जवळजवळ 900 ग्रॅम, धान्य 170, पालेभाजी 85, इतर भाज्या 140, कच्ची भाजी 28, तूप 40 च्या थोडं वर, गूळ किंवा साखर तेवढीच. फळं आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. धान्यापेक्षा भाज्या जास्त, हे बघून आजचा कोणताही आहारतज्ज्ञ मान डोलावेल. पण यादी पुन्हा वाचा. डाळ कुठे आहे? तुरीच्या जिल्ह्यात बसणारा माणूस वरणाशिवाय ताट लिहितो! बापूंचं म्हणणं असं की डाळी पचायला जड, अंगमेहनत करणाऱ्यांना हव्यात, बैठ्या माणसाला दूध असताना गरज नाही. ठीक आहे, पण 900 ग्रॅम दूध रोज कोणाच्या घरी आहे? ज्याच्या घरी नाही त्याला वरणच वाचवतं. धान्यात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. भाकरी आणि वरण, खिचडी, भाजणी, ही जोडी आपल्या आज्यांनी कोणतंही आम्ल न मोजता जमवली.

दूध-दह्याबाबत मात्र बापू बरोबर होते. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसाने रोज दही, ताक, दूध यांतलं काही घ्यायलाच हवं. हातापायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, विसरायला होतं, असं असेल तर उपास-तापास न करता रक्त तपासावं.

आणि फोडणी? पालक आणि भोपळा दोन्हींत कॅरोटीन असतं, त्याचं शरीरात जीवनसत्त्व अ होतं. कॅरोटीन स्निग्धात विरघळतं, म्हणजे भाजीबरोबर थोडं तेल-तूप असेल तरच ते अंगी लागतं. हळदीतल्या कर्क्युमिनचीही तीच गोष्ट. त्यामुळे चमचाभर तेलात मोहरी-जिरं तडतडवून हळद टाकणाऱ्या सासूबाई शास्त्राला धरूनच होत्या. बापूंच्या यादीत तूप आहेच, ते भाजीत फोडणी म्हणून न जाता वेगळं वाढलं जाई, इतकाच फरक. पण चमचाभर म्हणजे चमचाभरच. आमच्या विदर्भात रश्श्यावर बोटभर तर्री तरंगली नाही तर भाजी झाली असं कोणी मानत नाही. पंगतीत तर्रीवरून आजवर जितके वाद झाले तितके राजकारणावरून झाले नाहीत.

लोहाचं दुखणं त्याहून मोठं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजी-डाळीतलं लोह सहज शोषलं जात नाही, त्याला आंबटाची साथ लागते, म्हणजे क जीवनसत्त्वाची. फिशरला सांगितलेलं लिंबू इथेही कामाला येतं. वरणावर लिंबू, चटणीत आवळा, हे जमेल तितकं करावं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहातलं टॅनिन लोह अडवतं. हे मी पंगतीत इतक्यांदा सांगितलं आहे की आता माझी पाठ फिरली की चहा होतो.

आश्रमाचा हा वारसा नुसता कुट्यांमध्ये जपून ठेवलेला नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती सेवाग्रामला उभी केली. स्वयंपाकघर हा तिथे शिकायचा विषय होता. किती माणसं, किती पीठ, किती खर्च, यातून गणित. कोणतं बी कधी पेरायचं, यातून विज्ञान. त्याच आवारात 2005 पासून आनंद निकेतन ही शाळा चालते. मुलं शेतात राबतात, पाळीने स्वयंपाकात असतात आणि एकत्र जेवतात. त्यात मुलगेही पोळ्या लाटतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्या पंगतीत पुरुषमंडळींना कांदा चिरायला बसवायला मला जी कसरत करावी लागली, ती या मुलांच्या बायकांना करावी लागणार नाही. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या, रस्त्यापलीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेली मुलं सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहतात. पहाटेची प्रार्थना, श्रमदान, साधं जेवण, आपलं ताट आपण घासायचं. उद्या रुग्णाला आहार सांगणाऱ्या डॉक्टरने एकदा तरी खाली बसून असं जेवलेलं असावं, हे मला पटतं. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथल्या भगिनी शेतीपासून स्वयंपाकापर्यंतची कामं आपसांत वाटून घेतात आणि निर्णय सर्वसंमतीने करतात. आमच्या पंगतीने सर्वसंमतीचा नाद लवकरच सोडला. मीठ किती, यावरच ती होत नाही.

जेवणातली मजा मात्र मी आश्रमातून नाही, गावातून उचलली. रोडगे घ्या. भरड कणकेचे, पुडं घालून वळलेले गोळे, वावरात गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. गरम रोडगा एकट्याने खायची रीतच नाही. जगरा पेटवणारा एक, वांगी चिरणारे दोघं, तूप ओतणारी म्हातारी एक, असा सगळा गोतावळा लागतो. लग्नातली डाळभाजी घ्या. पालक, डाळ आणि फल्लीदाणे, म्हणजे लोह, प्रथिनं आणि स्निग्ध एकाच गंजात. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी बांधावर फुकट उगवतात. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवली आणि वर लसणाची फोडणी दिली, की ज्वारीच्या भाकरीला दुसरं काही लागत नाही. ज्वारी मात्र आता बाजारातून आणावी लागते, वावरात दिसेनाशी झाली आहे. जवसाची चटणी करताना जवस भाजून कुटायलाच हवा. अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो आणि त्यातलं ओमेगा-3 वाया जातं.

मुलांना पंगतीत खेचण्याची युक्ती भुलाबाईने दिली. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून, वास घेऊन खिरापत ओळखतात. आम्ही तोच खेळ उचलला. झाकल्या डब्यात मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, भाजलेल्या सोयाबीनचा चिवडा, गुळाची चिक्की असं काहीही असतं. ओळखेल त्याला दुप्पट. घरी मटकीला तोंड वाकडं करणारा मुलगा इथे जिंकलेली मटकी मूठभर खातो. वर्ध्यात पाहुण्यांच्या हातात गोरसपाक द्यायची पद्धत आहे, तोही कधी डब्यात निघतो. त्या दिवशी पोषणाची भाषा मी गुंडाळून ठेवते. गाईच्या तुपाच्या त्या बिस्किटापुढे कोणाचं काही चालत नाही.

येत्या कार्तिकात पंगत आवळीखाली आहे. आवळी भोजनाची रीत जुनीच, फक्त या वेळी सवाष्ण-विधवा, पाहुणा-घरचा असा भेद न ठेवता सगळ्यांना बोलावणं आहे. यादी ठरली आहे. डॉक्टरीणबाईंकडून डाळभाजी, एसटीतून निवृत्त झालेल्या भाऊंकडून भाकरी (ते स्वतः थापणार आहेत), शेजारणीकडून भरीत, माझ्याकडे सोयाबीनचे सोले. हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, जीआय मानांकनवाली, सगळ्यांच्या भाजीला पुरेल एवढी आणून ठेवली आहे. पालक-भोपळ्याची भाजीही व्हावी, असा माझा आग्रह आहे. सासूबाई तयार झाल्या, पण फोडणी त्या घालणार आणि तेव्हा मी चुलीजवळ उभं राहायचं नाही, या बोलीवर.